थ्रीडी नंतर बघू, आधी टाकीत वाकून बघ

या वेळचं पत्र भांडुपहून आलंय. थोडं कापून देते.

"ताई, मी इन्स्ट्रुमेंटेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे, ग्रुपमध्ये आम्ही चौघं आहोत. गाईड सर म्हणाले इंडस्ट्रियल ऑटोमेशनमध्ये डिजिटल ट्विनवर (खऱ्या मशीनचा कॉम्प्युटरमधला जुळा) काहीतरी करा, सध्या त्याचंच चाललंय. आम्ही ठरवलं बॉटलिंग प्लान्टचा ट्विन करायचा, युनिटीमध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) थ्रीडी, त्यात एआय वापरून प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्स (मशीन बिघडणार हे आधीच ओळखणं) आणि जमलं तर मोबाईलवर एआर (कॅमेऱ्यातल्या दृश्यावर चित्र दाखवणं). पण दीड महिना झाला नुसते व्हिडिओ बघतोय, सुरुवात कुठून करायची तेच कळत नाहीये. कॉलेजात दोन पीएलसी (मशीन चालवणारे कंट्रोलर) आहेत पण कपाटात बंद असतात. चौघांचं मिळून बजेट १० हजार. एकाच्या मामांचा साकीनाक्याला गाळा आहे, प्लास्टिक मोल्डिंगचा. आणि ठाण्यात एक जण तयार प्रोजेक्ट देतो म्हणतोय, ब्लॅक बुकसकट (प्रोजेक्टचा बांधलेला रिपोर्ट). काय करू? – गोंधळलेला."

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी अडकले. बॉटलिंग प्लान्ट. तुमच्या चौघांपैकी कुणी बॉटलिंग प्लान्ट आतून बघितलाय का रे? बघितला असता तर तू पत्रात एकदा तरी कुठल्या मशीनचं नाव घेतलं असतंस, फिलर कसा चालतो, बाटल्या कुठे अडकतात, कन्व्हेयर कुठे थांबतो, काहीतरी. तसं काहीच नाहीये, म्हणजे तो प्लान्ट फक्त व्हिडिओतला आहे. जुळं म्हटलं की दोघं लागतात ना, एक खरा आणि एक त्याच्यासारखा. तुमच्याकडे खरा भाऊच नाहीये, मग हा जुळा कुणाचा? दीड महिना सुरुवात होत नाहीये त्याचं कारण मला तरी हेच दिसतं. तुम्ही आळशी आहात असं अजिबात नाही, हात लावायला समोर वस्तूच नाही तर माणूस करणार काय, व्हिडिओच बघणार.

आता आधी शब्द नीट करून घेऊ कारण व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, एक्स्टर्नल (बाहेरून आलेला परीक्षक) पहिला प्रश्न हाच विचारणार. बाजारात डिजिटल ट्विन म्हणून तीन वेगवेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. तुम्ही मॉडेल बनवलंत आणि त्यात आकडे हाताने भरताय, तर ते डिजिटल मॉडेल. खऱ्या मशीनवरून डेटा आपोआप येतोय पण परत काही जात नाहीये, तर ती डिजिटल शॅडो, नुसती सावली. आणि दोन्ही बाजूंनी आपोआप चाललंय, मशीनकडून डेटा येतो, मॉडेल त्यावरून काहीतरी ठरवतं आणि ते मशीनकडे परत जातं, तेव्हा त्याला ट्विन म्हणायचं. ही विभागणी २०१८ च्या एका रिसर्च पेपरमधली आहे, क्रिट्झिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, आणि तेव्हापासून बहुतेक जण तीच वापरतात. कल्पना मात्र जुनी आहे. मायकल ग्रीव्ह्ज यांनी २००२ मध्ये मिशिगन युनिव्हर्सिटीत ती मांडली, नाव नंतर नासाच्या जॉन व्हिकर्स यांनी दिलं. आणि त्याच्याही मागे गेलं तर लोक १९७० च्या अपोलो १३ चं उदाहरण देतात, यान वर बिघडलं तेव्हा खाली जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये तशीच परिस्थिती उभी करून आधी तिथे ट्राय केलं गेलं आणि मग वर सांगितलं गेलं. ब्लॅक बुकच्या पहिल्या चॅप्टरला एवढा इतिहास बास झाला, त्यावर दहा पानं घालवू नका, कुणी वाचत नाही.

तर खरा भाऊ कुठून आणायचा. तू भांडुपला राहतोस, सोसायटीत असशील किंवा चाळीत, कुठेही असलास तरी हे तुला माहिती आहे की पालिकेचं पाणी ठराविक वेळेला येतं, खालच्या टाकीत पडतं, वॉचमन पंप चालू करतो, वरची टाकी भरते, आणि मग दिवसभर लोक ते वापरतात आणि संध्याकाळी कुणीतरी ओरडतं की पाणी गेलं. किंवा वॉचमन विसरतो आणि गच्चीवरून धबधबा सुरू होतो. हाच प्रोजेक्ट करा. हसू नकोस. खालची टाकी, पंप, वरची टाकी, बाहेर जाणारा वॉल्व्ह, एवढं टेबलावर मावेल असं बनवा. लेव्हल कंट्रोल कुठल्याही केमिकल प्लान्टमध्ये, औषधांच्या कारखान्यात, पॉवर प्लान्टमध्ये आहेच, त्यामुळे इंडस्ट्रियल नाही असं कुणी म्हणू शकत नाही. आणि मुख्य म्हणजे याला एक सरळ प्रश्न आहे: आत्ता वरच्या टाकीत जेवढं पाणी आहे ते किती वेळ पुरेल, आणि त्यावरून पंप कधी चालू करायचा? ट्विनला असा एकच प्रश्न द्या. बॉटलिंग प्लान्टच्या ट्विनला तुम्ही काय विचारणार होतात, सांग बरं. मला तरी पत्रात कुठे प्रश्न दिसला नाही.

आता जरा आकड्यात शिरते कारण गंमत तिथेच आहे. वरची टाकी सरळ भिंतींची घ्या, छोटा फिशटँक चालेल, बादली घेऊ नका कारण बादली खाली निमुळती असते आणि मग प्रत्येक सेंटीमीटरला पाणी वेगळं बसतं, गणिताला उगाच डोकेदुखी. समज टाकी आतून ३० बाय ३० सेंटीमीटर आहे, म्हणजे १ सेंटीमीटर उंचीला ९०० मिलीलीटर पाणी. ३६ सेंटीमीटरपर्यंत भरली तर साडेबत्तीस लिटरच्या जवळपास. खालचा वॉल्व्ह असा सेट केलात की भरलेल्या टाकीला मिनिटाला ३ लिटर पाणी बाहेर जातंय. आता वॉचमनला विचारलं की टाकी किती वेळात रिकामी होईल तर तो साडेबत्तीसला तीनने भागेल आणि म्हणेल ११ मिनिटं. तुम्ही स्टॉपवॉच लावून बघा, २१-२२ मिनिटं लागतील. दुप्पट! कारण पाणी जसं खाली जातं तसा जोर कमी होतो, बाहेर पडणारं पाणी उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं, टॉरिचेलीचा नियम, बारावीत शिकलाय तुम्ही. उंची ३६ वरून ९ वर आली म्हणजे पाव झाली की धार दीड लिटरवर येते, निम्मी. आणि अगदी तळाला गेल्यावर हेही गणित नीट लागत नाही कारण नळीचं तोंड तळाशी एकदम चिकटलेलं नसतं, तिथे हवा ओढली जाते, पाणी गुडगुड करत जातं. तो शेवटचा भाग मॉडेलमध्ये बसवायचा नाही, सरळ लिहायचं की ४ सेंटीमीटरच्या खाली आमचं मॉडेल लागू नाही. एक्स्टर्नलला असं वाक्य वाचून किती बरं वाटतं तुला कल्पना नाही.

पहिले पंधरा दिवस कॉम्प्युटर उघडायचाच नाही असं मी म्हणेन. टाकी, स्टॉपवॉच, पट्टी, वही. प्रत्येक अर्ध्या मिनिटाला उंची लिहा, पाच वेळा टाकी रिकामी करा, वॉल्व्ह बदलून परत करा. मग एक्सेलमध्ये मॉडेलची रेघ आणि तुमचे मोजलेले ठिपके एकावर एक टाका. ते जुळणार नाहीत. जुळले तर मला संशय येईल की कुणीतरी घरी बसून आकडे लिहिलेत.

आणि हे जे जुळत नाही ना, मॉडेल म्हणतं २८ आणि टाकी म्हणते २६, तो मधला फरक हाच तुमचा प्रोजेक्ट आहे. खरंच सांगते, थ्रीडी वगैरे सगळं वरचं आहे, इंडस्ट्रीत ट्विनकडे बघणारा माणूस त्या फरकाकडे बघत असतो. आत्ताचंच उदाहरण घे. वॉल्व्हमध्ये कापडाचा छोटा बोळा घालून तो थोडा चोक करा, समज २० टक्के. ३ लिटरच्या जागी आता २.४ जातंय. मॉडेलला हे माहीत नाही, ते आपलं जुन्याच हिशोबाने चाललंय. १ मिनिटानंतर खरी उंची आणि मॉडेलची उंची यात फरक पडेल जेमतेम ०.६ सेंटीमीटर, आणि तुमचा स्वस्तातला सेन्सर स्वतःच तेवढा हलत असतो, त्यामुळे अलार्म द्यायची घाई केलीत तर दिवसभर खोटे अलार्म वाजतील. पण ३ मिनिटं थांबलात तर फरक पावणेदोन सेंटीमीटरवर जातो आणि मग छातीठोक सांगता येतं की काहीतरी तुंबलंय. किती थांबायचं, किती फरकाला ओरडायचं, यावर दोन पानं लिहा, ग्राफ काढा. फॉल्ट डिटेक्शन यालाच म्हणतात आणि यात एआय कुठेही नाही.

एआयचं म्हणशील तर, प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्ससाठी मशीन बिघडल्याचा डेटा लागतो, एकदा नाही, अनेकदा बिघडल्याचा. मामांचं मशीन तुमच्या दोन सेमिस्टरमध्ये एकदा बिघडलं तरी खूप, म्हणजे तुम्ही चौघं रोज देवाला साकडं घालणार की मामांचं मशीन बंद पडू दे. असला प्रोजेक्ट नको.

मामांच्या गाळ्याचा उपयोग आहे, पण वेगळा. इंजेक्शन मोल्डिंग मशीनच्या सप्लायच्या वायरभोवती क्लॅम्पवाला करंट सेन्सर नुसता अडकवता येतो, वायर कापायची गरज नाही, आणि प्रत्येक शॉटला, म्हणजे साचा एकदा भरून निघेपर्यंत, करंट कसा वर-खाली होतो ते स्वच्छ दिसतं, साच्यात प्लास्टिक ढकललं की चढतो, नुसतं थंड होत असलं की खाली. त्यावरून सायकल टाईम काढता येतो, दिवसात किती शॉट झाले ते कळतं, मामांनाही आवडेल. पण तिथे सावलीवरच थांबायचं. फक्त वाचायचं, मशीनला काहीही लिहायचं नाही, त्यांच्या पॅनेलमध्ये तुम्ही हात घालायचा नाही, सेन्सर त्यांच्या इलेक्ट्रिशियनकडूनच लावून घ्यायचा. त्यांची ऑर्डर अडकली तर मामा तुमचे, पण शिव्या सगळ्यांना पडतील. आणि ब्लॅक बुकमध्ये दोन चॅप्टर झाले, एक ट्विन आणि एक शॅडो, दोन्हींतला फरक तुम्ही स्वतः करून बघितलेला, यापेक्षा अजून काय पाहिजे.

सामानाचं बोलू. लॅमिंग्टन रोडला जा, ग्रँट रोडला उतरून, शक्यतो सकाळी आणि यादी घेऊन, नाहीतर तिथे गेल्यावर प्रत्येक गोष्ट हवीशी वाटते आणि १० हजारातले ४ तिथेच उडतात. ईएसपी-३२ बोर्ड (वायफायवाला छोटा कंट्रोलर), आवाज सोडून अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, १२ व्होल्टचा छोटा पंप, तो चालूबंद करायला रिले, पाण्यावर तरंगणारा एक फ्लोट स्विच. पाण्याच्या नळ्या, वॉल्व्ह, कपलिंग हे नागदेवीला किंवा घराजवळच्या प्लंबरच्या दुकानात. लेव्हलसाठी मुलं तो दोन डोळ्यांचा एचसी-एसआर०४ घेतात, घ्या, स्वस्त आहे, पण तो पाण्याच्या वाफेत आणि थेंबात टिकत नाही, आणि त्याचा सिग्नल ५ व्होल्टचा असतो, ईएसपीला ३.३ चालतो, मध्ये दोन रेझिस्टर टाकून तो खाली आणा नाहीतर बोर्ड कधीतरी जाईल. वॉटरप्रूफ मिळतो एक डोळ्याचा, पण त्याला जवळचं दिसत नाही, साधारण २० सेंटीमीटरच्या आतलं तो गाळतो, त्यामुळे टाकीच्या बराच वर बसवावा लागतो. अजून एक, इंटरनेटवरच्या बहुतेक कोडमध्ये आवाजाचा वेग सेकंदाला ३४० किंवा ३४३ मीटर असा ठोकून दिलेला असतो. तुमच्या लॅबमध्ये मे महिन्यात पंखाही नीट चालत नसेल, ३५ डिग्रीला तो वेग ३५२ च्या आसपास जातो, म्हणजे अर्ध्या मीटरला सेंटीमीटरभराहून जास्त चूक. वर आपण पावणेदोन सेंटीमीटरवर अलार्म द्यायला निघालो होतो, आठवतंय ना. तापमानाचा सेन्सर बाजूला लावा आणि कोडमध्ये दुरुस्ती करा, चार ओळींचं काम आहे.

पंप आणि बोर्ड एकाच सप्लायवर लावू नका. पंप चालू झाला की व्होल्टेज क्षणभर बसतं, बोर्ड रीसेट होतो, आणि तुम्ही तीन दिवस वायफायला शिव्या देत बसता. सगळं १२ व्होल्टवर ठेवा, पाण्याजवळ २३० आणायचंच नाही.

आता ते कपाट. पीएलसी बाहेर काढायचे असतील तर प्रिन्सिपलना अर्ज लिहू नकोस, आधी लॅब असिस्टंटकडे जा. चावी त्यांच्याकडे असते आणि कपाट का बंद आहे तेही त्यांनाच माहीत असतं, बहुतेक वेळा आधीच्या बॅचने केबल हरवलेली असते किंवा काहीतरी जाळलेलं असतं. दोन दिवस त्यांच्याबरोबर चहा प्या, तुमची टाकी दाखवा, १२ व्होल्टवरच आहे ते सांगा, सही करून घ्यायची तयारी दाखवा. कपाट उघडतं. नाहीच उघडलं तर सॉफ्टवेअरमधला पीएलसी आहे, ओपनपीएलसी पूर्ण फुकट आहे, कोडेसिसही विंडोजवर फुकट चालतं पण लायसन्स नसेल तर २ तासांनी थांबतं आणि परत चालू करावं लागतं. हे आधीच सांगतेय कारण एका ग्रुपने माझ्यासमोर अख्खा लॅडर, म्हणजे पीएलसीचा प्रोग्रॅम, दोनदा पुसून परत लिहिला होता, त्यांना वाटलं आपल्या प्रोग्रॅममुळेच बंद पडतंय.

कंट्रोल पीएलसीत, मॉडेल पायथॉनमध्ये लॅपटॉपवर, आणि दोघांत बोलणं मॉडबसवर, ती मशीनांची आपसात बोलायची भाषा. मॉडबस १९७९ चा आहे, तुमच्या आईवडिलांच्या वयाचा असेल, पण कपाटातला जुना पीएलसीसुद्धा तो बहुतेक समजतोच. ओपीसी यूए ही तशीच नवी भाषा जास्त नीटनेटकी आहे, प्रत्येक आकड्याला नाव असतं, युनिट देता येतं, नव्या कंपन्या तेच मागतात, पण पीएलसीत सोय असेल तरच त्याच्या मागे लागा. मॉडबसमध्ये एक काटा लागणारच आहे, मॅन्युअलमध्ये रजिस्टर (आकडा ठेवायचं घर) ४०००१ लिहिलेलं असतं आणि कोडमध्ये त्यालाच ० म्हणायचं असतं, एक घर इकडेतिकडे झालं की लेव्हलच्या जागी तापमान यायला लागतं. आणि दशांश आकडा दोन रजिस्टरमध्ये तुटून येतो, त्यांचा क्रम उलटा लागला की टाकीची उंची काहीच्या काही येते, कधी शून्याच्या जवळ, कधी दहा आकडी. घाबरायचं नाही, क्रम उलटा करून बघायचा. ईएसपीकडून एमक्यूटीटीने (वायफायवरून छोटे मेसेज पाठवायची पद्धत) डेटा घ्या, स्क्रीनवर दाखवायला नोड-रेड किंवा ग्राफाना. हे सगळं फुकट मिळतं. यातलं एकच दिवसाला एक लावा, सगळं एकदम लावलंत तर कुठे तुटलंय ते कळणार नाही.

घड्याळाचं मात्र मी माझं सांगते कारण त्याची लाज अजून जात नाही. तेव्हा मी कमिशनिंगला, म्हणजे प्लान्ट चालू करून द्यायच्या कामाला होते, एका केमिकल प्लान्टमध्ये पंप वरचेवर ट्रिप होत होता, आपोआप बंद पडत होता, आणि आम्ही बसवलेल्या ट्रेंडवरून (रीडिंगचा वेळेनुसार ग्राफ) कारण शोधायचं होतं. ऑपरेटर म्हणाला दुपारी अडीचला ट्रिप झाला. ट्रेंड म्हणत होता सकाळी ९ ला. दोन दिवस वाद. ऑपरेटर पन्नाशीचे काका, त्यांनी लॉगबुकात बॉलपेनने २:३० लिहिलेलं, खाली सही, आणि मी स्क्रीनकडे बोट दाखवून त्यांना सांगत होते की काका तुमची चूक होतेय, डेटा खोटं बोलत नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना डोक्यात प्रकाश पडला. डेटाबेस वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ठेवत होता आणि आपण साडेपाच तास पुढे, साडेचौदातून साडेपाच गेले की ९. सेटिंग मीच केलं होतं. काकांची माफी मागितली, ते म्हणाले अगं घड्याळ तर समोर भिंतीवर होतं. तेव्हा पहिल्याच दिवशी पीएलसी, ईएसपी आणि लॅपटॉप या तिघांची घड्याळं एकमेकांशी लावून घ्या. काही सेकंदांचा फरकसुद्धा मॉडेल आणि टाकी यांची तुलना बिघडवतो, पंप चालू झाल्याचं मॉडेलला उशिरा कळलं की तिथेच खोटा फरक दिसायला लागतो.

आता दुसरी बाजू, ट्विनकडून टाकीकडे. इथे मुलं उत्साहात लॅपटॉपवरून थेट पंप चालूबंद करायला लागतात. तसं नाही करायचं. ट्विनने फक्त एक आकडा पाठवायचा, की पंप किती लेव्हलला चालू कर. लोक जास्त पाणी वापरतायत असं दिसलं तर तो आकडा वर ने, कमी वापरतायत तर खाली. तो आकडा घ्यायचा की नाही ते पीएलसी ठरवणार, १० ते ३० सेंटीमीटरच्या बाहेरचं काही आलं तर पीएलसीने ते नाकारायचं. लॅपटॉप झोपला, वायफाय गेलं, पायथॉन पडलं, तर ठराविक सेकंदात ट्विनकडून खूण आली नाही म्हणून पीएलसीने गुपचूप आपल्या जुन्या आकड्यावर परत यायचं. आणि टाकी भरली की पंप बंद करणारा फ्लोट स्विच सरळ वायरने पंपाच्या सर्किटमध्ये, त्यात ना पीएलसी ना कोड. डेमोच्या दिवशी एक्स्टर्नलसमोर मुद्दाम लॅपटॉप बंद करून दाखवा. पाणी सांडलं नाही की अर्धा व्हायवा झाला.

एक बारीक गोष्ट जी मला स्वतःला उशिरा कळली. मॉडेल आणि टाकी यात फरक पडला की मॉडेल सुधारायचं, वॉल्व्हचा आकडा थोडा थोडा बदलत राहायचा म्हणजे मॉडेल ताजं राहतं, बरोबर. पण हे जर फार पटापट केलंत तर वॉल्व्ह चोक झाला तरी मॉडेल लगेच जुळवून घेतं, फरक शून्य होतो आणि अलार्म कधी वाजतच नाही. फार समजूतदार जुळा काही कामाचा नाही, त्याला थोडं हट्टी ठेवावं लागतं. किती हट्टी, ते तुमच्या कापडाच्या बोळ्यानेच ठरवा, वेगवेगळ्या वेगाने करून बघा आणि प्रत्येक वेळी फॉल्ट पकडला का ते लिहा. हे लिहिलंत तर ब्लॅक बुकमधली तेवढी पानं पुढची बॅच झेरॉक्स मारून नेईल.

युनिटी शिकलेला जो कुणी ग्रुपमध्ये आहे त्याला किंवा तिला वाईट वाटेल, ते मी समजू शकते. त्यांना सांग की आठव्या सेमिस्टरमध्ये, फरकाचा ग्राफ नीट यायला लागला की मग टाकीचं थ्रीडी करा, खऱ्या डेटावर पाणी वर-खाली होताना बघायला खरंच मजा येते. आधी केलंत तर मात्र सगळा वेळ पाण्याला चकाकी आणण्यात जातो, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता डेमोत चकचकीत पाणी दिसलं की मी आधी सेन्सर कुठे लावलाय तेच शोधते. एआर सोडून द्या. आणि चौघांपैकी एकाने फक्त वही सांभाळायची, रोज काय केलं, काय जळलं, कुठला आकडा बदलला, तारीख-वेळेसकट. सबमिशनच्या आठवड्यात तोच ग्रुपचा राजा असतो. गणपती आणि दिवाळी यांच्यामध्ये टाकी, पंप आणि पीएलसी एकत्र चालले पाहिजेत, त्याच्यापुढे गेलात तर मग सातव्या सेमिस्टरचं प्रेझेंटेशन पुन्हा व्हिडिओवरच.

ठाण्याच्या माणसाबद्दल. पैसे आहेत तुमचे, मी कोण अडवणार, पण तो जे देतो ते मी बघितलेलं आहे, प्लायवूडवर चिकटवलेलं असतं आणि त्याची डझनभर भावंडं मुंबईभर फिरत असतात, काळ्या कव्हरवर फक्त सोनेरी अक्षरातलं कॉलेजचं नाव बदलतं. एक्स्टर्नललाही दिवसाला दोन तरी दिसतातच. त्याने नुसतं विचारलं की हा वॉल्व्ह अर्धा बंद केला तर काय होईल, की सगळे छताकडे बघायला लागतात. तुम्ही तो वॉल्व्ह पन्नास वेळा बंद केलेला असेल.

गाईड सरांना जाऊन हे सांगताना बॉटलिंग प्लान्ट रद्द केला असं म्हणू नकोस, स्कोप कमी करून दोन्ही दिशांचा डेटा फ्लो घेतलाय असं म्हण, सरांनाही वर सांगायला काहीतरी लागतं.

आणि हो, धार मोजायला बादली धरशील तेव्हा तिच्यावर लिहिलेल्या लिटरवर जाऊ नकोस, आधी पाण्याच्या १ लिटरच्या बाटलीने भरून बघ किती बसतं. आमच्याकडे १० लिटर लिहिलेली एक होती, तिच्यात काठोकाठ भरून नऊच बाटल्या बसल्या, आणि त्या बादलीवर आम्ही एक अख्खा आठवडा रीडिंग घेतली होती.